साडेतीनशे चौरस फुटांतील लपंडाव

नव्या इमारतींच्या माहितीपुस्तिकांत ‘मुलांची खोली’ या नावाने जो एक फिकट निळा चौकोन दाखवलेला असतो, त्याच्याविषयी या सदरात यापूर्वीही नापसंती व्यक्त झालेली आहे, आणि प्रस्तुत स्तंभलेखकाची ही खोड नियमित वाचकांच्या आता अंगवळणी पडली असावी. तरीही या आठवड्यात रविवारच्या पुरवणीतून घरात शिरलेल्या एका पानभर जाहिरातीने तो विषय पुन्हा उकरून काढणे भाग पाडले. मुलाला स्वतंत्र खोली न देणारे पालक त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या विकासाआड येतात, असा त्या जाहिरातीचा एकूण आशय होता. ज्या घरात हे पान वाचले जाते, त्या घराच्या हप्त्यांची अजून कित्येक वर्षे बाकी असतात, आणि वाचणाऱ्याच्या मांडीवर बहुधा ते ‘व्यक्तिमत्त्व’च बसून त्याच पानाची होडी करण्याच्या बेतात असते, याची दखल जाहिरातदाराने घेतल्याचे दिसत नाही.

लहान घर म्हणजे नेमके किती लहान, हे प्रथम सांगणे इष्ट. घराचे माप आज चटई क्षेत्रात, म्हणजे बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जमिनीच्या मापात सांगावे लागते. स्थावर संपदा क्षेत्राच्या 2016 च्या कायद्याने या संज्ञेची व्याख्या ठरवून दिली आहे. मुंबईत 1920 च्या दशकात सरकारी विकास विभागाने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे उभारलेल्या 207 बीडीडी चाळींतील खोली 160 चौरस फुटांची होती. त्यांच्या पुनर्विकासात रहिवाशांना 500 चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले, तर झोपडपट्टी पुनर्वसनातील घर आज 300 चौरस फुटांचे असते. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेच्या निकषानुसार राहण्याच्या एका खोलीत तीनपेक्षा अधिक माणसे असतील तर ते घर दाटीचे मानले जाते. प्रस्तुत लेखात अभिप्रेत असलेले घर या दाटीच्या अलीकडचे आहे: एक बैठकीची खोली, एक झोपण्याची खोली, स्वयंपाकाचा ओटा, आई-बाबा, शाळेच्या खालच्या वर्गांतील एक मूल, त्याहून धाकटे एक, आणि पाळीपाळीने येऊन राहणारी आजी, सगळे मिळून साडेतीनशे चौरस फूट.

अशा घरात मुलांची खोली नसते हे खरे; परंतु मोठ्यांचीही नसते, हे जाहिरातीत सांगितले जात नाही. दिवाणावर दुपारी आजीचे वर्तमानपत्र, संध्याकाळी मुलांचे दुकान आणि रात्री पाहुण्याचे अंथरूण असते. जेवणाच्या मेजावर गृहपाठ होतो आणि गृहपाठाच्या वहीवर आमटीचा डाग पडतो. जागेची वाटणी भिंतींनी नव्हे तर वेळेने होते, आणि त्या वेळापत्रकात सर्वांत लहान सदस्याचे मत सर्वांत मोठ्या आवाजात मांडले जात असल्याने बहुधा तेच मान्य होते. यात मुलाचे व्यक्तिमत्त्व दबते असे म्हणणाऱ्याने संध्याकाळी सातच्या सुमारास अशा घराची बेल वाजवून पाहावी. स्वतंत्र खोलीची ओढ मुलाला बऱ्याच उशिरा, मिसरूड फुटण्याच्या वयात लागते; तोवर ती खोली मोठ्यांच्या सोयीसाठी असते, आणि ती सोय तशी प्रामाणिकपणे मागण्यात काही गैरही नाही.

बालशिक्षणाचा इतिहासही या बाबतीत जाहिरातदाराला साथ देत नाही. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत सुरू झाले, ते एखाद्या बागबगीच्याच्या वास्तूत नव्हे, तर कष्टकऱ्यांच्या भाडोत्री इमारतीतच. आई-बाप कामावर गेल्यावर मागे राहिलेली मुले जिने आणि भिंती खराब करतात, ही इमारतीच्या व्यवस्थापनाची तक्रार त्यामागे होती. म्हणजे आज जिच्यावर सोसायटीच्या सभा गाजतात, त्याच तक्रारीतून एक शिक्षणपद्धती जन्माला आली. या पद्धतीत ‘जीवनव्यवहार’ नावाचा एक भाग आहे: ओतणे, निवडणे, पुसणे, घडी घालणे अशी घरातली खरी कामे मुलाच्या हाताला झेपतील अशा साधनांनी त्याला करू देणे. लहान घरात या भागासाठी वेगळी साधने आणावी लागत नाहीत, कारण ओटा आणि दिवाण यांत चार पावलांचे अंतर असल्यामुळे मूल मुळातच कामाच्या मधोमध बसलेले असते. त्याला तेथून हलवण्यापेक्षा त्याच्यापुढे मटारच्या शेंगा ओतणे सोपे पडते. सोललेल्या दाण्यांपैकी निम्मे पातेल्यात आणि निम्मे पोटात जातात, हे प्रमाण सर्व घरांत साधारण सारखेच असावे.

पोळ्यांच्या वेळी हा व्यवहार अधिक गंभीर रूप घेतो. कणकेचा एक लहान गोळा मागितला जातो, तो मिळेपर्यंत परातीची कड सोडली जात नाही, आणि मिळाल्यावर तो जमिनीवर, पाटावर, प्रसंगी स्वतःच्या गुडघ्यावर मळला जातो. त्याचा आधी साप, मग गणपती आणि शेवटी पोळी होते. तोवर त्याचा रंग मूळ गव्हाशी फारसा संबंध सांगत नाही. ही करडी चिमणी-पोळी, म्हणजे मुलासाठी म्हणून वेगळी भाजलेली तळहाताएवढी पोळी, तव्याच्या कोपऱ्यात भाजली जाते आणि ती बाबांनीच खावी असा आग्रह धरला जातो. बाबा ती खातात. मोठ्या घरात स्वयंपाकघर दूर असल्याने या पोळीपासून सुटका होण्याची शक्यता अधिक, एवढे श्रेय त्या घरांना द्यायला हरकत नाही.

लहान घरातील खेळांचा सांगोपांग विचार येथे करता येणार नाही. केवळ लपंडावाचा ओझरता उल्लेख करून पुढे जाण्याचा विचार होता. परंतु लपायला जागा नसलेल्या घरात लपंडाव कसा खेळला जातो, हा प्रश्न ओझरता नाही. या खेळात शोधणाऱ्यावर ‘राज्य’ असते, आणि ज्या ठरावीक जागेला हात लावून सुटका करून घेता येते तिला ‘भोज्या’ म्हणतात. साडेतीनशे चौरस फुटांत फ्रिजचे दार हा भोज्या असतो आणि तो घराच्या कोणत्याही कोपऱ्यापासून फारसा लांब नसतो. लपण्याच्या जागा मोजक्याच: दाराआड, पडद्यामागे, गाद्यांच्या ढिगाशेजारी, कपाट आणि भिंत यांच्यामधील फटीत, आणि आजीच्या साडीआड. या सर्व जागा सर्वांना पाठ असतात. पडद्याखालून दोन पावले दिसत असतात. पडदा हसतही असतो. म्हणजेच या घरात लपणे अशक्य आहे, आणि म्हणून खेळाचा सारा भार न सापडण्यावर नव्हे, तर न दिसल्याचे सोंग वठवण्यावर येतो.

हे सोंग ही एक कला आहे आणि तिचे नियम कडक आहेत. ज्याच्यावर राज्य आहे त्या मोठ्या माणसाने पडद्याकडे थेट पाहायचे नसते. त्याने आधी पोळ्यांचा डबा उघडून आत पाहायचे, चपलांचे कपाट तपासायचे, वॉशिंग मशीनमध्ये वाकून नाव घेऊन हाक मारायची, आणि प्रत्येक अपयशानंतर पुरेशा मोठ्या आवाजात चिंता व्यक्त करायची. शोध लवकर संपवला तर रडारड होते, फार लांबवला तर लपलेला स्वतःच ‘मी इथे नाहीये’ असे कळवतो. या दोन टोकांमधला नेमका क्षण आजोबांना बहुधा अचूक साधतो, बाबांना कधीकधी साधतो, आणि भ्रमणध्वनीकडे एक डोळा ठेवून खेळणाऱ्याला कधीच साधत नाही. सापडल्यानंतर तेच मूल पुन्हा त्याच पडद्यामागे लपते. नवी जागा शोधावी असे त्याला वाटत नाही, कारण जुन्या जागेने त्याची निराशा केलेली नसते.

मानसशास्त्राने या सोंगामागील बाजूही तपासली आहे. वस्तू नजरेआड झाली तरी ती अस्तित्वात असते, या जाणिवेला वस्तुस्थायित्व म्हणतात. झाँ पियाजे या स्विस अभ्यासकाच्या मते मूल साधारण आठ महिन्यांचे होईपर्यंत झाकलेली वस्तू शोधू लागत नाही, आणि पदराआड तोंड लपवून केलेल्या ‘भॉक’चा आनंद याच उंबरठ्यावरचा आहे. पुढे तीन-चार वर्षांचे मूल स्वतःचे डोळे झाकून आपण दिसेनासे झालो असे सांगते. जॉन फ्लेव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून यातील एक गंमत पुढे आली: डोळे मिटलेल्या मुलांपैकी अनेकांचा कल ‘तू मला दिसतोस का’ याला नाही म्हणण्याकडे होता, पण त्यांचा हात समोरच्याला दिसतो हे मात्र ती मान्य करत. अर्थात पडद्याखालची पावले उघडी ठेवणारे मूल अडाणी नसते. पावले दिसली म्हणजे आपण दिसलो, हा मोठ्यांचा हिशेब त्याने अजून स्वीकारलेला नसतो, एवढेच.

याच खेळात धाकट्या भावंडाला ‘कच्चे लिंबू’ केले जाते, म्हणजे त्याला खेळात घेतले जाते, पण ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. मैदानावर ही सवलत थोरल्यांच्या मर्जीवर असते आणि धाकटे फार मध्ये आले की त्याला घरी धाडता येते. लहान घरात धाडायला दुसरीकडे जागाच नसते. धाकटे आहे तेथेच राहणार, लपलेल्या ताईकडे बोट दाखवणार, भोज्याला मिठी मारून बसणार, आणि तरीही खेळ चालवावा लागणार, ही अट थोरलीला पहिल्या दिवसापासून मान्य करावी लागते. त्यातून ती जे शिकते त्याला मोठेपणी समजूतदारपणा असे भारदस्त नाव मिळते. त्या वयात मात्र ते केवळ दुसरा इलाज नसल्यामुळे घडते. आणि सहा महिन्यांनी धाकट्यावर पहिल्यांदा खरे राज्य येते, तेव्हा भिंतीकडे तोंड करून ‘पाच’नंतर थेट ‘अकरा’ म्हणणाऱ्या त्या आवाजाचा अभिमान सर्वांत जास्त ताईलाच वाटतो.

हे सारे आनंद फुकट मिळत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. रात्री गाद्या टाकल्यावर कोण कोणाशेजारी झोपणार यावर तह होतात आणि दिवा मालवताच मोडतात. तान्ह्याच्या खोकल्याने अख्खे घर जागे होते. आई-बाबांचे भांडणही कुजबुजत उरकावे लागते, आणि कार्यालयाची बैठक चालू असताना मागून शौचालयातून ‘झालीऽऽ’ अशी घोषणा येते. या गैरसोयीचा मोठा वाटा अजूनही आईच्याच अंगावर पडतो. त्याखेरीज 160 चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसांनी काढलेले आयुष्य हे गोड आठवणींचे भांडार समजणे हा त्या माणसांचा अपमान आहे. मोठ्या घराची त्यांची मागणी शंभर टक्के रास्त होती. परंतु तेथेही मुले वाढली ती खोलीत नव्हे, तर सामाईक गॅलरीत, जिन्यात आणि दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत.

लहान घर मुलाला पुरते ते त्याच्या दाराबाहेर काही असते म्हणून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात शाळेलाच मुलांच्या अंगणात नेले. त्यांनी रुळवलेले ‘अंगणवाडी’ हे नाव 1975 नंतर एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेले. आजच्या इमारतींत मात्र अंगणाची जागा मोटारींनी घेतली आहे आणि उरलेल्या पट्टीवर ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी ठोकलेली आहे. जिन्यात धावू नये, लिफ्टजवळ ओरडू नये, गच्चीला कुलूप राहील: घरात दोन खोल्या असणाऱ्यांना या नियमांचा अर्थ असा होतो की मुलांनी पडद्यामागे उभे राहूनच मोठे व्हावे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा वाहनतळाच्या वादात रात्री उशिरापर्यंत चालतात. यंदाच्या सभेत सभासदांनी आणखी एकच विषय घ्यावा: ती पाटी काढावी, आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळेत आवारातल्या निदान दोन मोटारी बाहेर उभ्या कराव्यात. मुलांच्या खोलीचे पुढे पाहता येईल.