फुरसतीचा वेळ : रानांतील तबकडी

ज्या घरांतील मुलेंबाळें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत आतां थोडीं नाहींत. उन्हाळ्याचे चार-सहा महिने आईवडिलांनीं तिकडे जाऊन राहावयाचें, हा आतां एक कुळाचारच होऊन बसला आहे. तेथें एखाद्या शनिवारीं सर्व मंडळी तंबू घेऊन रानांतील मुक्कामाच्या जागीं जातात, आणि झाडांच्या मधून मधून लोखंडी खांबांवर सांखळ्या लोंबत असलेल्या टोपल्या दृष्टीस पडतात. पाहुण्या आजोबांस तें पक्ष्यांना दाणा घालण्याचें साधन वाटल्यास नवल नाहीं. वास्तविक तें एका खेळाचें मैदान असतें. मात्र सपाट मैदान नव्हे, तर रानच. त्या खेळास तिकडे 'डिस्क गोल्फ' म्हणतात. या महिन्यांत त्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डिस्क म्हणजे तबकडी. गोल्फांतील चेंडूच्या जागीं तबकडी आणि जमिनींतील खळग्याच्या जागीं टोपली, एवढा बदल केला कीं खेळाचें मर्म ध्यानांत येतें. ठराविक जागेवर उभें राहून तबकडी टोपलीच्या दिशेनें फेंकावयाची; ती जेथें पडेल तेथें चालत जाऊन तेथूनच पुन्हां फेंकावयाची; आणि ती सांखळ्यांस लागून टोपलींत पडली, कीं त्या टोपलीचा डाव पुरा. सर्वांत कमी फेंकींत सर्व टोपल्या पुऱ्या करील तो जिंकला. पूर्ण मैदानांत अशा अठरा टोपल्या असतात. विरंगुळ्याच्या मैदानांत बहुधा नऊ. एका टोपलीचें अंतर साधारणतः दोनशें ते चारशें फूट. ज्याची तबकडी टोपलीपासून सर्वांत दूर त्यानें आधीं फेंकावी. पुढचीं माणसें दूर गेल्यावांचून कोणीं फेंकूं नये. टोपलीपासून दहा मीटरांच्या आंत आल्यावर तोल सुटून पाऊल पुढें पडूं देऊं नये. नवख्यास एवढे नियम पुरतात.

या तबकडीचा इतिहासही मौजेचा आहे. १९२६ सालींच कॅनडांतील ब्लॅडवर्थ गांवच्या शाळकरी मुलांनीं पत्र्याचीं झांकणें फेंकून गोल्फासारखा खेळ चालविला होता. पुढें १९३७ सालीं फ्रेड मॉरिसन नांवाचा अमेरिकन तरुण आपल्या भावी पत्नीबरोबर लाह्यांच्या डब्याचें झांकण फेंकून खेळूं लागला. नंतर समुद्रकांठीं तीं दोघें केकची पत्र्याची ताटली फेंकीत असतां कोणी एकानें ती पंचवीस सेंटांस मागितली. बाजारांत तशी ताटली पांच सेंटांस मिळत असे. धंद्याची कल्पना मॉरिसनच्या डोक्यांत शिरली ती तेथेंच. मध्यें महायुद्ध आलें. तो वैमानिक म्हणून गेला आणि जर्मनांच्या कैदेंतून सुटून परतला. १९४७ पासून अमेरिकेंत आकाशांतील 'उडत्या तबकड्यां'चें खूळ माजलें होतें. त्याचा लाभ घेऊन त्यानें प्लास्टिकची तबकडी काढली व १९५७ सालीं ती व्हॅम-ओ कंपनीस दिली. तिला मिळालेलें 'फ्रिस्बी' हें नांव ब्रिजपोर्ट येथील एका पाय विकणाऱ्या कंपनीवरून आलें. त्या कंपनीच्या रिकाम्या ताटल्या विद्यार्थी फेंकून खेळत असत.

तबकडीस रानांत नेण्याचें मुख्य श्रेय व्हॅम-ओमध्यें काम केलेल्या एड हेड्रिक यांचें. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांत ला कॅनडा फ्लिंट्रिज येथील ओक ग्रोव्ह उद्यानांत त्यांनीं या खेळाचें पहिलें कायमचें मैदान आंखिलें. तेथें आरंभीं नुसते खांबच लक्ष्य म्हणून होते. पण तबकडी खांबास चाटून गेली कीं नाहीं, यावर वाद माजूं लागले. म्हणून त्यांनीं सांखळ्यांची टोपली योजिली आणि १९७७ सालीं तिचें पेटंट मिळविलें. वेगानें आलेली तबकडी सांखळ्यांत अडकते, तिचा जोर सांखळ्या हलण्यांत खर्च होतो, आणि ती खालीं टोपलींत पडते. सांखळ्यांचा खळखळाट रानभर ऐकूं येत असल्यामुळें साक्षीदाराची गरजच उरत नाहीं. हेड्रिक २००२ सालीं वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांची रक्षा प्लास्टिकमध्यें मिसळून तिच्या तबकड्या करण्यांत आल्या. आपल्या अस्थि गोदावरींत जातात. या गृहस्थांनीं उडत राहणेंच पसंत केलें!

तबकडी हवेंत तरंगते कशी, हें नातवंडांस समजावून देण्यास आपला भोवरा पुरेसा आहे. भोवरा फिरत असतो तोंवर उभा राहतो, वेग मंदावला कीं कलंडतो. तबकडीही फिरत असते तोंवर आपला तोल राखते, आणि हवा तिला वर उचलून धरते. उजव्या हातानें, तळवा आंत वळवून फेंकलेली तबकडी वरून पाहतां घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरते, आणि वेग ओसरतांच डावीकडे कलते. मोकळ्या मैदानांत हें वळण अडचणीचें वाटतें. रानांत मात्र तेंच कामीं येतें. समोरच्या ओक वृक्षाला उजवीकडून वळसा घालून तबकडी मागच्या टोपलीपाशीं उतरविणें, हें खरें कसब. येथें दांडग्या मनगटापेक्षां शांत डोळ्यास अधिक किंमत आहे. बारा वर्षांची मुलगी आपल्या धिप्पाड काकास हरविते, तें याचमुळें.

आमच्या मतें या खेळाचा खरा गुण निराळाच आहे. परदेशीं गेलेल्या आईवडिलांची स्थिति आम्हांस ठाऊक आहे. मुलगा-सून कामावर, नातवंडें शाळेंत, आणि सायंकाळीं घरीं आलेलीं नातवंडें आपापल्या यंत्राच्या पडद्यांत गुंतलेलीं. आजीचें मराठी नातीस अर्धेंच कळतें, नातीचें इंग्रजी आजीस चौथाईच. समोरासमोर बसवून 'आतां बोला' म्हटल्यानें बोलणें होत नाहीं. पण हातास कांहीं काम आणि पायांस वाट मिळाली, म्हणजे जीभ आपोआप सुटते. दोन फेंकींच्या मध्यें शंभर पावलें सोबतीनें चालावयाचीं असतात. तेवढ्यांत 'हें कोणतें झाड?' पासून 'बाबा लहानपणीं कसे होते?' पर्यंत सर्व विषय निघतात. विटीदांडूंत आजोबांना धांवतां येणार नाहीं, बुद्धिबळांत नातवाचें चित्त ठरणार नाहीं. येथें तीन पिढ्या एका चालीनें चालतात. शिवाय या खेळांत बहुधा पंच नसतो. आपली फेंक आपणच मोजावयाची आणि आपणच सांगावयाची. झुडपाआड पडलेली तबकडी पायानें पुढें न सारण्याचा धडा मुलास देण्यास याहून चांगली शाळा नाहीं; मात्र तो धडा आजोबांनींही पाळला पाहिजे.

खेळाची दुसरी बाजू सांगणेंही आमचें कर्तव्य आहे. 'आम्ही रानास धक्का लावीत नाहीं' असें या खेळाचे भक्त म्हणतात, तें सर्वांशीं खरें नाहीं. गोल्फाच्या अठरा खळग्यांस शंभर एकरांहून अधिक जमीन, कापलेलें गवत आणि पाण्याचे पाट लागतात, त्या मानानें हा खेळ गरिबाचा व निरुपद्रवी, हें कबूल. तथापि फेंकण्याच्या जागीं व टोपलीभोंवतीं शेंकडों पावलें पडतात. तेथील माती घट्ट होते, पाणी मुरत नाहीं, उतारावर ती वाहून जाते आणि मुळें उघडीं पडतात. वाटेवरच्या त्याच त्या झाडांच्या सालीवर तबकड्यांचे घाव बसत राहतात. यावर उपाय आहेत: टोपल्यांच्या जागा आळीपाळीनें बदलणें, लांकडाचा भुसा पसरणें, ओल्या दिवसांत मैदान बंद ठेवणें. ते उपाय जेथें होतात तेथें खेळ आणि रान दोन्हीं टिकतात. होत नाहींत तेथें थोड्या वर्षांत रान जाऊन धूळ राहते. रान हें केवळ खेळाडूंचें नव्हे. तंबूंत निजलेलें मूल, पायवाटेनें जाणारा म्हातारा आणि घरट्यांतील पक्षी यांचा हक्क आधींचा आहे.

या खेळांत आतां पैसाही आला आहे. २०२१ सालीं पॉल मॅकबेथ या खेळाडूनें दहा वर्षांचा एक कोटि डॉलरांचा करार केला. एस्टोनियाची क्रिस्टिन तत्तार २०२२ आणि २०२३ सालीं स्त्रियांत जगज्जेती ठरली. त्यांच्या कौशल्याचें आम्हांस कौतुकच आहे. परंतु स्पर्धेचा ज्वर घरगुती खेळांत शिरूं देऊं नये. नऊ टोपल्यांच्या शेवटीं कोण जिंकलें याचा विसर पडला, तर तो दिवस चांगला गेला असें समजावें.

जाणाऱ्या मंडळींस दोन-चार सूचना करून हें लेखन पुरें करितों. आरंभास एकच तबकडी पुरे. दहा-वीस डॉलरांत ती मिळते. भडक रंगाची घ्यावी, म्हणजे पाचोळ्यांत सांपडते. लुगडें नेसणाऱ्या आजींनीं त्या दिवसापुरता पायघोळ पोशाख सोडावा, आणि सर्वांनींच लांब पायमोजे घालावे; कारण तिकडच्या गवतांत बारीक गोचीड असतात व कांहींच्या चाव्यानें लाइम नांवाचा रोग होतो. घरीं आल्यावर अंग नीट तपासावें. तीन-तीन पानांची एक खाजरी वेल तेथें बहुत. तिच्यांत तबकडी गेल्यास ती उघड्या हातानें काढूं नये. आणि ज्यांचे खांदे दुखत असतील त्यांनीं फेंकण्याचा हट्ट न धरितां गुण लिहिण्याची वही आपल्याकडे घ्यावी. त्या वहींत नातवंडांचीं नांवें मराठींत लिहावीं. वाचतां येत नसलें, तर तींच विचारतील.