डाउनलोड म्हणजे ग्राहक नव्हे

अ‍ॅप काढायचं म्हटलं की तरुण मित्र मला पहिला प्रश्न विचारतात, ‘युजर कुठून आणायचे?’ इंजिनिअर म्हणून माझं उत्तर एकच असतं: आधी कुणाची अडचण सोडवणार, ते सांगा.

‘हाइक’ हे देशी मेसेंजर २०१२ मध्ये आलं. स्टिकर मजेदार, गुंतवणूकही भरपूर. पण घरचे, दोस्त, दुकानदार सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर. एकट्याने हाइकवर जाऊन बोलायचं कुणाशी? २०२१ मध्ये ते बंद झालं.

‘रेडबस’ मात्र २००६ मध्ये बंगळुरूत एकाच अडचणीतून उभं राहिलं: सणाला गावी जायचंय आणि बसचं तिकीट मिळत नाही. फ्लिपकार्टने २००७ मध्ये फक्त पुस्तकं विकली. २०१० मध्ये वस्तू हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय केली, तेव्हा कार्ड नसलेल्यांनाही खरेदीची वाट मोकळी झाली.

सवलत देऊन डाउनलोड मिळतात. सवलत संपली की माणसं निघून जातात. म्हणून आधी आपल्या मोहल्ल्यातले पन्नास जण शोधा, जे न सांगता दर आठवड्याला परत येतील. ते टिकले तर पुढचे पाचशे तेच आणतील. नाही टिकले, तर जाहिरातीवर पैसा उधळू नका, अ‍ॅप बदला.