संस्था माजी सैनिकांची की अध्यक्षांची?



सैनिकांच्या हक्कांसाठी संघटितपणे झगडणे आपल्या समाजाला नवे नाही. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अनार्यदोषपरिहारक मंडळीच्या वतीने, महारांची बंद झालेली लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून विनंतीपत्र सिद्ध केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली तीच मागणी भारतमंत्र्यांपुढे मांडली. आजही माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी व त्यांच्या विधवांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्था आहेत, आणि आपली सुशिक्षित मुलेमुली तेथे अल्प वेतनावर राबत आहेत.

परंतु यांपैकी काही संस्थांत काय दिसते? अध्यक्ष एकदा खुर्चीवर बसले की उठत नाहीत. सभेवाचून ठराव लिहिले जातात. हिशेब विचारणारा समाजद्रोही ठरतो. पलटणीत हुकूम पाळलाच पाहिजे. पण संस्था म्हणजे पलटण नव्हे. अपमान सोसून कार्यकर्ता निघून जातो आणि त्याच्या हातची प्रकरणे तशीच पडून राहतात. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे अंतिम आदेशापासून सामान्यतः सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. अध्यक्षांच्या लहरीपायी ती मुदत टळली, तर नुकसान त्या विधवेचे होते, अध्यक्षांचे नव्हे.

तथागतांनी आपल्या पश्चात संघावर कोणी अधिपती नेमला नाही. धम्मालाच मार्गदर्शक मानण्यास सांगितले. संघात प्रस्ताव मांडून मते घेण्याची रीत होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी त्या रीतीचे स्मरण दिले आणि त्याच भाषणात विभूतिपूजेचा धोकाही दाखविला. बुद्धाला शरण गेलेल्या माणसाने अध्यक्षाला शरण जावे, हे कोणत्या न्यायाने?

म्हणून, वाचकहो, संस्थेची घटना मिळवून वाचा. सभेचे इतिवृत्त लेखी मागा. आपला आक्षेप लेखी नोंदवा व त्याची पोच घ्या. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर १९५० च्या कायद्याप्रमाणे विश्वस्तांतील बदल नव्वद दिवसांत कळविणे आणि हिशेब तपासून घेणे बंधनकारक आहे. कर्तव्यात सतत कसूर करणाऱ्या विश्वस्ताला दूर करण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे, आणि न्यासात हितसंबंध असलेली व्यक्ती तसा अर्ज करू शकते.

रागाच्या भरात दुसरी संस्था काढणे सोपे आहे. परंतु तेथेही उद्या तशीच खुर्ची मांडली जाईल. आहे ती संस्था नियमावर आणणे कठीण खरे, पण तेच आपले कर्तव्य होय.

जय भीम!