आधी विसावी ओवी वाचा

कॅथलिक समाजात सध्या भक्तिभावाचे राखणदार वाढले आहेत. त्यातल्याच एका गृहस्थांचे म्हणणे थोडक्यात असे: मिस्सा देवाची, मोर्चा माणसांचा, सरमिसळ नको. प्रवचनात दलित, आदिवासी, मजुरी असले विषय निघाले की भाविकांचे चित्त विचलित होते. ख्रिस्तप्रसाद जिभेऐवजी हातावर घेतला जाऊ लागला, तेव्हापासूनच श्रद्धेला उतरती कळा लागली. प्रापंचिकांनी गुडघे टेकावेत, जपमाळ ओढावी. अन्यायाचे काय ते देव बघून घेईल. (हे शेवटचे ते जरा सभ्य शब्दांत सांगतात, एवढेच.)

गुडघे टेकायला कुणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती त्यांच्या पुराव्याला. गृहस्थांचा हुकमी एक्का म्हणजे पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 11, ओवी 27. प्रभूची भाकर अयोग्य रीतीने खाणारा अपराधी ठरतो, असा तिचा आशय. या एका ओवीवर त्यांनी बिनबाह्यांचे झगे, खिशातले मोबाइल, गिटार आणि पुढे केलेले तळहात असे सगळे आरोपी उभे केले आहेत. पण पौल मुळात चिडला कशावर? ते सात ओव्या आधीच लिहिले आहे. करिंथमध्ये प्रभुभोजन म्हणजे खरोखरीचे जेवण असे, तेही कुणाच्या तरी घरी. खाऊनपिऊन सुखी असलेली मंडळी आपापले अन्न काढून आधीच जेवायला बसत. ज्यांच्याकडे काही नाही ते, बहुधा राबून उशिरा येणारे, उपाशी राहत. एकाचे पोट रिकामे, दुसरा पिऊन तर्र! हे प्रभूचे भोजनच नव्हे, असे पौल विसाव्या ओवीत ठणकावतो. नसणाऱ्यांना लाजवता काय, हा त्याचा सवाल बाविसाव्या ओवीतला. म्हणजे अयोग्य रीत ठरली ती पंगतीतल्या पंक्तिप्रपंचामुळे. जीभ की हात, हा प्रश्न त्याच्या पत्रात औषधालाही सापडत नाही. चौथ्या शतकात अंत्युखियात प्रवचन देणाऱ्या संत जॉन क्रिसोस्तमला हे नीट उमगले होते. वेदीवर रेशीम पांघरायचे आणि दारातल्या उघड्या माणसाला कुडकुडत ठेवायचे, हा कुठला सन्मान, असे त्याने भर चर्चमध्ये विचारले. त्याचेही प्रवचन बिघडले म्हणायचे!

आणि पंक्तिप्रपंच काय करिंथलाच संपला? तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागातल्या कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी काढणारी भिंत उभी राहिली. ती पाडण्यासाठी लोकांना आंदोलने करावी लागली. गोव्यात कोंफ्रारियांची (म्हणजे चर्चमधल्या बंधुमंडळांची) सभासदी, आणि सणाच्या मिरवणुकीत त्यांचा ओप हा झगा घालून चालण्याचा मान, कित्येक ठिकाणी जातीवर ठरत आला. 2016 साली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी आपल्या दलितविषयक धोरणात चर्चमधल्या अस्पृश्यतेची लेखी कबुली दिली. इथली गंमत अशी की, अनुसूचित जाती ठरवणाऱ्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातून बाहेर राहिलेल्या दलित ख्रिस्ती लोकांसाठी (शीख 1956 मध्ये आत आले, बौद्ध 1990 मध्ये) निवेदन द्यायचे, तेव्हा ‘आमच्यातही जात टिकली आहे’ असे सांगितले जाते. रविवारी मात्र ‘ख्रिस्तात जात कुठली?’

बाकीचे आक्षेप किरकोळ आहेत. गरीब सदैव असणारच, असे येशू म्हणाला खरा. पण ते वाक्य जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाची आठवण देते, आणि तिथे पुढे ‘म्हणून हात सैल सोड’ अशी आज्ञा आहे. चर्चमध्ये राजकारण नको म्हणावे, तर गरिबांवरच्या अन्यायाविरुद्ध गरजणाऱ्या आमोस संदेष्ट्याला बायबलातून काढावे लागेल.

श्रद्धा बुडाली, ही ओरडही जुनीच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदीवर लॅटिनच्या जागी मराठी आली तेव्हा ‘आता देव काय बाजारात आणणार?’ म्हणणारे होतेच. त्यांची नातवंडे आज त्याच मराठी मिस्सेला परंपरा म्हणून कवटाळतात.

भक्ती आणि न्याय एका देहात नांदतात की नाही, याला न्यूयॉर्कच्या डोरोथी डे या प्रापंचिक बाईचे उदाहरण पुरे. तिने 1933 मध्ये ‘कॅथलिक वर्कर’ हे एक सेंट किमतीचे वर्तमानपत्र काढले. 1973 मध्ये, पंचाहत्तरी गाठल्यावर, शेतमजुरांच्या बाजूने उभी राहून ती कॅलिफोर्नियात तुरुंगात गेली. हीच बाई रोज मिस्सेला जायची. एकदा एका फादरांनी तिच्या आश्रयगृहात कॉफीच्या कपात द्राक्षारस घेऊन मिस्सा केली. नंतर तिने तो कप जमिनीत पुरला, अशी आठवण सांगतात. ज्यात ख्रिस्ताचे रक्त होते, त्यात पुन्हा कॉफी ओतायची नाही! गृहस्थांना हा कप नक्की आवडेल. तुरुंगाचे काय, ते त्यांनी ठरवावे.

धर्मग्रामांपुढचे काम काही डोंगराएवढे नाही. चर्चची फरशी पुसणाऱ्या बाईला किमान वेतन मिळते का, दफनभूमीत कुणाच्या जागा कायम कोपऱ्यात पडतात, पॅरिश कौन्सिलवर कोणत्या पाड्यातला माणूस कधीच दिसत नाही, याची यादी पुढच्या बैठकीत वाचायची. बैठकीची सुरुवात प्रार्थनेने होतेच. गृहस्थांनी ती खुशाल गुडघे टेकून म्हणावी. यादी संपेपर्यंत उठून जाऊ नये.