गवंडी मिळेनात, की टिकेनात?

महाराष्ट्र पोलिस दलातील १७ हजार ४७१ पदांसाठी २०२४ मध्ये १७ लाखांहून अधिक अर्ज आले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ‘लार्सन अँड टुब्रो’चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी बांधकामासाठी मजूर मिळत नसल्याची तक्रार जाहीरपणे केली. एकीकडे बेरोजगार तरुणांच्या रांगा आणि दुसरीकडे कामगारांवाचून अडलेली कामे, या विसंगतीचा उलगडा झाल्याशिवाय उपाय सापडणार नाही.

सरकारी कल्याण योजनांमुळे मजूर गाव सोडण्यास तयार नाहीत, असे कारण सुब्रह्मण्यन यांनी दिले. ते अपुरे आहे. जानेवारी २०२४ मध्ये इस्रायलमधील बांधकामांसाठी भरती सुरू होताच रोहतक व लखनौ येथे तरुणांची झुंबड उडाली. शटरिंग, लोखंड वाकवणे, फरशी बसवणे आणि गिलावा ही चार कामे, सुमारे १ लाख ३७ हजार रुपये मासिक वेतन. युद्धग्रस्त देशात जाण्यासही जे तयार होते, ते आळशी नव्हेत. त्यांचा नकार कष्टांना नसून कष्टांच्या अटींना आहे.

त्याच भाषणातील एक आकडा अधिक बोलका आहे. ४ लाख कामगार हाताशी राहावेत म्हणून कंपनीला सुमारे १६ लाख जणांची भरती करावी लागते. म्हणजे खरा प्रश्न माणसे मिळण्यापेक्षा ती टिकण्याचा आहे. याचे मूळ आपल्या भरतीच्या पद्धतीत आहे. विकासक मुख्य ठेकेदाराला काम देतो, तो पेटी ठेकेदाराला आणि पेटी ठेकेदार मुकादमाला. मुकादम गावात उचल देऊन टोळी आणतो. इमारत उभी राहिली की टोळी पांगते. अभियंता कंपनीचा असतो. गवंडी मात्र कोणाचाच नसतो. जो आपला नाही त्याला शिकवण्याचा खर्च कोण करणार?

बांधकाम हे एकट्याचे काम नाही. सेंट्रिंगवाल्याने टेकू नीट दिले नाहीत तर लोखंड बांधणाऱ्याची मेहनत वाया जाते. काँक्रीट ओतणाऱ्याने घाई केली तर गळतीचा त्रास रहिवाशांना वर्षानुवर्षे भोगावा लागतो. एकमेकांचे हात ओळखणारी माणसे एकत्र राहिली तरच दर्जा आणि सुरक्षितता साधते. पूर्वी बिगारी म्हणून आलेला मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली थापी धरायला शिकत असे. आज मिस्त्रीलाच आपला मुलगा या धंद्यात नको आहे. पत्र्याच्या खोलीतले बिऱ्हाड आणि अपघाताची टांगती तलवार त्याने स्वतः अनुभवली आहे.

कायद्याने काहीच केले नाही, असे नाही. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर कामगार कल्याणासाठी राखून ठेवला. आता ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये सामावली गेली आहे. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देण्याचे बंधनही त्यांत आहे. ते नाक्यावरच्या मजुरापर्यंत पोचले, तर ‘मी कोणाकडे काम करतो’ या प्रश्नाला त्याला प्रथमच लेखी उत्तर मिळेल. तथापि, उपकराचा निधी भांड्यांचे संच वाटण्यापुरता मर्यादित राहिला, तर नवी पिढी घडणार नाही.

या बाबतीत जर्मनीचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथे बांधकाम कंपन्यांकडून सक्तीची वर्गणी घेऊन त्यातून उमेदवारांच्या प्रशिक्षणाचा खर्च भागवला जातो. एकाने शिकवावे आणि दुसऱ्याने पळवावे, ही भीती त्यामुळे उरत नाही. आपल्याकडेही उपकराचा ठरावीक वाटा उमेदवारांच्या विद्यावेतनासाठी राखून ठेवता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वर्ग थेट बांधकामाच्या जागेशी जोडता येतील. बिगारी, गवंडी, मिस्त्री, पर्यवेक्षक अशा चढत्या पायऱ्या वेतनासह ठरवून द्याव्यात, आणि एक काम संपल्यावर तीच तुकडी पुढच्या कामावर नेणाऱ्या ठेकेदाराला सरकारी निविदांत प्राधान्य द्यावे.

पोलिस भरतीसाठी धावणाऱ्या तरुणाला वेतनाइतकीच ओळख आणि उद्याची शाश्वती हवी असते. या दोन गोष्टी बांधकाम व्यवसाय देत नाही, तोवर मजूरटंचाईची ओरड चालूच राहील.