खुब्याची खतावणी

डॉक्टरांनी टेबलावर तीन खुबे मांडले. आंबेवाल्याने पेटीतून नमुने काढून दाखवावेत, तसे. एकात धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी, दुसऱ्यात सिरॅमिकचा गोळा आणि प्लॅस्टिकचीच वाटी, तिसऱ्यात गोळा आणि वाटी दोन्ही सिरॅमिकचे. "काका, घाई नाही, घरी बोलून सांगा," असे म्हणत त्यांनी तिन्हींचे दरही सांगितले. माझे वय ६७. उजवा खुबा झिजला आहे. मांडी घालून जेवायला बसणे बंद होऊन दोन वर्षे झाली.

बँकेत ३२ वर्षे काढलेल्या माणसाला रंगीत माहितीपत्रकांचा मोह पडत नाही. कर्ज मंजूर होते त्या दिवशी प्रत्येक कर्जदार सज्जनच असतो. तो खरा कसा आहे, ते शेवटच्या हप्त्याला कळते. म्हणून मी विचारले, "यातल्या कुणाचे वीस वर्षांचे खाते दाखवता येईल?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "खाते आहे, पण बहुतेक परदेशातले."

त्या खात्याचे पहिले पान इंग्लंडमधले. लँकेशायरमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. टेफ्लॉन म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावरचा लेप. रुग्ण आनंदाने चालू लागले. पण दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजू लागल्या आणि तोवर सुमारे ३०० रुग्णांना त्या बसवून झाल्या होत्या. झिजेचा भुगा शरीराला बाधतो का, हे पाहण्यासाठी चार्नलींनी टेफ्लॉनची पूड स्वतःच्या मांडीत घालून घेतली. बाधत होता! १९६२ साली त्यांच्या हाती पॉलिएथिलीन नावाचे चिवट प्लॅस्टिक आले. कापडाच्या मागांना लागणारी दातेरी चाके त्यापासून करत. ते टिकले. तरीही चार्नलींनी हिशेब मिटवला नाही. मृत्यूनंतर खुबा तपासणीसाठी परत द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करत. पुढे १९७९ साली स्वीडनने देशभरातल्या कृत्रिम खुब्यांची नोंदवही सुरू केली.

प्लॅस्टिकचाही एक दोष होताच. त्याचा बारीक भुगा शरीरातल्या पेशी गिळतात आणि त्यातून भोवतालचे हाड विरघळू लागते. मग धातूवर धातूच घासू द्यावा, भुगाच नको, असा विचार पुढे आला. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तो पटलाही. २००३ साली आलेला 'एएसआर' हा याच जातीचा खुबा. माणसांच्या शरीरात मात्र काहींमध्ये त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम झिजून रक्तात उतरू लागले, आजूबाजूचे मांस खराब होऊ लागले. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत २००७ सालीच धोक्याची खूण उमटली. २०१० साली कंपनीने तो जगभरातून मागे घेतला, तोवर सुमारे ९३,००० बसवून झाले होते.

भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. सरकारने नेमलेल्या समितीने मोजले, तेव्हा त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. बँकेत इतकी खाती हरवली असती, तर आम्हाला घरी बसवले असते!

हे आकडे मला टोचतात, कारण आमच्या दादांचा खुबा २००८ सालचा. ती बातमी वाचून आम्ही दोघे त्यांच्या रुग्णालयात गेलो. जुने केसपेपर रद्दीत गेले होते. दादांच्या कार्डावर 'खुबा बदलला' एवढेच. एक्स-रेत धातू दिसला, कंपनी दिसली नाही. रक्ततपासणी ठीक आली, तरी "दर वर्षी येत चला" असे सांगण्यात आले. त्यानंतर पाय जरा दुखला की दादा विचारत, "अरे, हा तोच तर नसेल ना?" २०१९ साली ते गेले. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करताना राखेत तो गोळा सापडला. काळवंडलेला. त्यावर काही अंक कोरलेले होते, पण ते वाचता येईनात. चार्नलींनी तो मागून घेतला असता. आमच्याकडे तो कुणी मागितला नाही.

मधल्या काळात जुन्या प्लॅस्टिकने गाजावाजा न करता स्वतःला सुधारले. किरणांचा मारा करून त्याचे रेणू एकमेकांत घट्ट गुंफतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आलेल्या या वाट्या फारच कमी झिजतात, असे नोंदवह्या सांगतात. सिरॅमिकवर सिरॅमिक तर त्याहून कमी झिजते. पण क्वचित ते फुटते, आणि कधी चालताना करकरते. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या हिशेबानुसार १०० पैकी सुमारे ५८ खुबे २५ वर्षे टिकतात. हा हिशेबही जुन्या खुब्यांचा. आज बसणाऱ्यांचा हिशेब आपली मुले वाचतील. पण ती तो वाचणार कुठे? आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे. मात्र तीत नोंद करणे न करणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. जमिनीच्या तुकड्याला सातबारा असतो आणि माणसाच्या हाडात ठोकलेल्या वस्तूला नसतो, हे कसले शहाणपण? प्रत्येक रुग्णालयाला ही नोंद सक्तीची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी मधला खुबा निवडला आहे. तुमच्यासाठी कोणता योग्य, ते तुमचे डॉक्टर सांगतील. पण खुबा कोणताही असो, त्याच्या खोक्यावर कंपनी, नमुना आणि क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी असते, ती मागून घ्या. माझी पट्टी कुठे चिकटवायची, ते मी ठरवले आहे. घराच्या खरेदीखताच्या फायलीत, अगदी पहिल्या पानावर.