चार आठवड्यांची नोकरी, छत्तीस हप्ते

घटस्थापनेच्या आसपास गुलमंडी, पैठण गेट, टिळक पथ या भागातून चक्कर मारली तर कापडाच्या आणि बुटांच्या दुकानांच्या काचांवर 'मुले पाहिजेत' असे कागद हमखास दिसतात. गंगापूर, फुलंब्री, कन्नडकडची पोरे ते वाचून आत शिरतात. "शेठ, कामाला माणूस लागतंय का?" "अनुभव आहे का?" "नाही, पण शिकून घेईन." "मग पुड्या बांधायला थांब, दिवाळीपर्यंत." मुलाखत संपली! हिला नोकरी म्हणायचे की नाही, हा प्रश्न पोरांना पडत नाही. विद्यापीठाला सुट्टी लागली, मेस बंद झाली, तरी घरी न जाता शहरात थांबून चार पैसे मिळवणारे विद्यार्थीही यात असतात. घरचे विचारतात, "दिवाळीला येणार ना?" आणि पोरगा म्हणतो, "भाऊबीजेला बघू."

अलीकडे या जुन्या बाजाराशेजारी दुसरा मोठा बाजार उभा राहिला आहे. सामान घरपोच करणाऱ्या कंपन्यांची गोदामे आणि त्यांच्या पाठीवर पिशव्या घेऊन धावणारी मुले. ॲमेझॉनने २०२४ च्या सणासुदीसाठी देशभरात १ लाख १० हजार आणि २०२५ साठी दीड लाखाहून अधिक हंगामी कामांची घोषणा केली. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण त्यांच्या आधी लागलेला 'हंगामी' हा शब्द आपण ऊसतोडीच्या मुलखात राहणाऱ्यांनी तरी नीट वाचायला हवा. आपल्याकडे दसरा झाला की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघतात. तोही हंगामच. फरक एवढाच, की ऊसतोड मजुराला हंगाम कधी संपणार याचा अंदाज असतो.

२०२५ ची दिवाळी या बाबतीत विलक्षण होती. २२ सप्टेंबरला, नेमक्या घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. १९८५ पासून बजाजचा कारखाना ज्या वाळूजमध्ये आहे, त्या वाळूजच्या दृष्टीने ही लहान बातमी नव्हे. आणि त्याच महिन्यात मराठवाड्याचे आभाळ फाटले. कपाशी गेली, सोयाबीन गेले, जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले, पैठणकरांचा जीव टांगणीला लागला. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. पण दिवाळी दोन आठवड्यांवर आलेली. शेत खरवडून गेलेल्या घरातल्या मुलाने अशा वेळी काय करायचे? तो शहराकडेच येणार. म्हणजे एकीकडे गाड्या स्वस्त, दुसरीकडे हातात काम नाही. या दोन गोष्टी जिथे एकमेकींना भेटतात, तिथे माझ्यासारख्या आयुष्यभर कर्जाचे अर्ज वाचलेल्या माणसाचे कान टवकारतात.

कारण घरपोच कामासाठी गाडी लागते. पोरगा ८० हजारांचे कर्ज काढतो. शोरूममधला माणूस सांगतो, "फक्त १० टक्के फ्लॅट!" हा 'फ्लॅट' शब्द मोठा गोड आहे. तीन वर्षांचे व्याज २४ हजार, एकूण १ लाख ४ हजार, भागिले छत्तीस. हप्ता सुमारे २ हजार ८९० रुपये. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पूर्ण ८० हजारांवरच लागत राहते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर १८ टक्क्यांच्या घरात जातो. बरे, हप्ता परवडतो की नाही हे कशावरून ठरवायचे? तर दिवाळीच्या महिन्यात हाती पडलेल्या पैशांवरून. त्या महिन्यात रात्री अकरापर्यंत धावून कमावलेली रक्कम हा त्याचा पगार नव्हे, ती वर्षातली सर्वांत मोठी लाट आहे. मी बँकेत असताना दसऱ्याला गाडीच्या कर्जांची रांग लागायची. तेव्हा अर्जदाराला मी एकच विचारत असे: "बाबा रे, फेब्रुवारीत काय कमावशील?" बहुतेकांना या प्रश्नाची गंमत वाटायची. हप्ता मात्र फेब्रुवारीतही येतोच.

आता बोनसकडे पाहू. दिवाळी म्हणजे बोनस, हे समीकरण कामगार वस्तीत अजून पक्के आहे. पण १९६५ च्या बोनस कायद्यात वर्षात किमान तीस दिवस काम केल्याची अट होती आणि नव्या वेतन संहितेतही ती आहे. २०२५ मध्ये घटस्थापना ते लक्ष्मीपूजन, दोन्ही दिवस धरून, बरोबर तीस दिवस झाले. आठवड्याच्या सुट्ट्या वजा करा, म्हणजे संपूर्ण सण राबलेला मुलगा कुठे बसतो ते कळेल. शिवाय दिवाळीत वाटतात तो बोनस संपलेल्या आर्थिक वर्षाचा. यंदा दुकानात उभा राहिलेला त्यात नसतोच. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या २४० दिवसांनी औद्योगिक वसाहतींना 'ब्रेक' हा शब्द शिकवला: सात महिने काम, मग घरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता लागू झाल्या, मुदतीच्या कामगाराला वर्षभराने ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला, गिग कामगार हा शब्द कायद्यात आला. चांगलेच झाले. पण चार आठवड्यांच्या माणसाला वर्षभराचा हक्क घेऊन काय करायचे?

मग सणात नोकरी शोधूच नये का? तसे मी मुळीच म्हणणार नाही. फक्त कायमची नोकरी सणाच्या आधी कोणी सहसा देत नाही. साहेब रजेवर, कंत्राटदार घाईत, सगळ्यांचे उत्तर एकच, "दिवाळी उरकू दे." खरी जागा रिकामी होते ती नंतर. बिहारकडचे कामगार छठसाठी गावी गेलेले असतात, आपल्याकडचे भाऊबीज करून रेंगाळतात, काही परततच नाहीत. त्या आठवड्यात बजाजनगर किंवा रांजणगावच्या कंत्राटदाराच्या दारात सकाळी सातला उभा असलेला मुलगा त्याला देवासारखा वाटतो. आयटीआयचे प्रमाणपत्र, आधार, बँकेचे पासबुक पिशवीत असेल तर उत्तमच. आणि 'नोंदणीचे पैसे आधी भरा' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे रामराम करावा.

दुकानात पुड्या बांधणाऱ्यालाही एक सांगणे. शेठचा हिशेब चुकता होईल त्या दिवशी त्याच्याकडून किती दिवस, काय काम केले, एवढे चार ओळींत लिहून आणि सही घेऊन ठेवावे. शेठ आधी हसेल, मग बहुधा देईल. पुढच्या घटस्थापनेला "अनुभव आहे का?" असे कोणी विचारले, तर तो कागद पुढे करता येतो.